साहेबांच्या आईची पौर्णिमा

आमच्या कारखान्यात सणांचं खातं माझ्याकडे आहे. टेबलावरच्या पाटीवर नुसतं 'प्रशासन' लिहिलंय, पण दिवाळीची मिठाई कुठली आणायची, विश्वकर्मा पूजेला पंडितजी कोण, ईदला कोणत्या पाळीला सुटी द्यायची, होळीचा रंग मशीनपासून किती लांब ठेवायचा, हे सगळं शेवटी माझ्यापाशीच येतं. उज्जैनमध्ये हे काम काही थोडं नसतं. श्रावणात महाकाळाची सवारी निघाली की रस्ते बंद होतात, आमची बस गावाला वळसा घालून येते आणि उशिरा आलेल्याला कोणी बोलत नाही.

कारखाना देवास रोडला, गावाच्या बाहेर. वेफर, शेव, बिस्किटं यांच्या पुड्या भरणारी मशीनं आम्ही बनवतो. काही वर्षांपूर्वी मालकांनी कोरियातल्या एका कंपनीशी करार केला आणि नवी मशीनं बसवायला तिकडून एक इंजिनियर आले. पन्नाशीचे, शांत, कायम बाह्या दुमडलेले. बायको सोबत होती. मालकांनी त्यांना माधवनगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिला. कामगार त्यांना 'कोरियावाले साहब' म्हणायचे. मी आपली नुसतं 'सर'. आम्ही इंग्रजीत बोलायचो, दोघांचंही कामापुरतं होतं, त्यामुळे कोणाला लाज वाटायची नाही.

ते आले त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हातात मोबाईल होता.

"मॅडम, कोरियावालों का बड़ा त्योहार आ रहा है. चुसॉक. फसल का त्योहार है, अपने पोंगल जैसा. कैंटीन में मनाते हैं. केक, गुब्बारे, एक बैनर. साहब को अच्छा लगेगा."

मी तारीख पाहिली आणि कामाला लागले. बॅनरवाल्याला फोन केला, फुग्यांचा रंग ठरवला. दुपारी चहाच्या वेळी फोरमनजी आले. आमचे फोरमन मूळचे बडनगरकडचे, कारखाना सुरू झाल्यापासून इथे आहेत. उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, ये गुब्बारे उसी दिन के हैं? उस दिन तो पूनम का श्राद्ध है."

माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी भाद्रपदातली पौर्णिमा, आणि इथे त्या दिवसापासूनच श्राद्धं सुरू होतात. मग अमावास्येपर्यंत गावात बाहेरगावच्या गाड्याच गाड्या. आपल्याकडे पितरांसाठी अख्ख्या देशातून लोक येतात आणि आपल्याच कारखान्यात त्या दिवशी केक कापायचा म्हणजे काय.

"मेरे पिताजी की भी वही तिथि है," फोरमनजी म्हणाले. "मैं तो घाट पर रहूंगा. बाकी लोग भी खाएंगे नहीं, सच बता रहा हूं. साहब को बुरा लगेगा."

सरांना वाईट वाटण्याआधीच आपण बोलावं, असं मी ठरवलं. नव्या मशीनपाशी ते गुडघ्यावर बसून काहीतरी घट्ट करत होते. त्यांचं होईपर्यंत थांबले आणि मग म्हटलं, "सर, तुमचा सण आपण दसऱ्यानंतर केला तर चालेल का? त्या दिवशी इथल्या लोकांना अडचण आहे."

ते उठले, हात पुसले. "हा चंद्राचा दिवस आहे," ते म्हणाले. "पुढे नाही ढकलता येत. पण तुम्ही काही करू नका. ही पार्टी नाही."

"मग काय असतं?"

शब्द सापडायला त्यांना वेळ लागत होता. सकाळी लवकर टेबल मांडतात, असं त्यांनी सांगितलं. नव्या तांदळाचं जेवण करायचं, फळं ठेवायची, उदबत्ती लावायची. घरातले जे गेले आहेत ते त्या दिवशी जेवायला येतात. मग घरच्यांनी वाकून नमस्कार करायचा.

"माझी आई मार्चमध्ये गेली," ते म्हणाले. "इथून इंदूर, मग दिल्ली, मग सोल. मी पोहोचलो तेव्हा सगळं झालं होतं. मी एकुलता मुलगा आहे. यंदाचं टेबल मला मांडायचंय."

मार्चमध्ये त्यांनी सुटी घेतली होती. त्यांच्या अर्जावर सही माझीच होती. मला आठवलं, परत आल्यावर मी त्यांना 'प्रवास कसा झाला' असं विचारलं होतं आणि ते 'ठीक' म्हणाले होते.

मी म्हटलं, "सर, आमच्याकडेही त्या दिवशी हेच करतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. "हेच?"

"हेच. जेवण वाढतो. जे गेले त्यांना."

परत येऊन मी आधी बॅनरवाल्याला नको म्हणून सांगितलं. मग फोरमनजींना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "तो सीधा बोलना था ना मॅडम, कि साहब की माताजी का श्राद्ध है! केक काहे का? खीर-पूरी बनवाओ." अर्ध्या तासात ही गोष्ट पार वेल्डिंगच्या शेडपर्यंत पोहोचली. मालकांनी मोबाईल पुन्हा उघडून पाहिला. म्हणाले, "फोन में तो ये सब लिखा नहीं था." मग त्यांनी स्वतःच कॅन्टीनवाल्याला दूध जास्त सांगितलं.

घरी मी आणि आई, दोघीच. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आमचं घराणं इथे आलं ते शिंद्यांच्या दप्तरात कारकुनी करायला. पुढे सगळे शिक्षक, बँकवाले असेच झाले. आईचं मराठी निम्मं हिंदी आहे आणि तिला त्याचं काही वाटत नाही. रात्रीच्या जेवणात मी तिला सरांचं सांगितलं तर ती म्हणाली, "आणि ती बाई एकटी करणार सगळं? परदेशात? अगं, तिला विचार तर खरं, काही मदद हवी का."

मी सरांना विचारलं, सरांनी बायकोला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: तांदळाची पिठी कुठे मिळेल? त्यांच्याकडे त्या दिवशी एक पदार्थ लागतोच, सोंगप्यॉन. तांदळाच्या पिठाच्या छोट्या पाऱ्या करून आत तिळाचं सारण भरायचं आणि पाइनच्या पानांवर वाफवायचं.

आई हसायलाच लागली. "पिठी विचारतेय? गणपती अजून घरात बसलाय, पिठी डब्यात आहे. चल, उद्याच जाऊ."

विसर्जनाच्या दुपारी आम्ही माधवनगरला गेलो. सरांच्या बायकोने दार उघडलं, दोन्ही हात पोटापाशी धरून वाकून नमस्कार केला. आईनेही तसाच वाकून केला, आणि मग राहवलं नाही म्हणून तिच्या गालावरून हात फिरवला. दोघींना एकमेकींची एकही भाषा येत नव्हती. आई मराठीत बोलायची, ती कोरियनमध्ये, आणि मी मध्ये मोबाईल घेऊन उभी. थोड्या वेळाने मोबाईल मी बाजूला ठेवला, कोणाला त्याची गरज नव्हती.

आईने उकड काढली. ती बाई बघत होती. तिच्याकडे पीठ गरम पाण्यात नुसतं मळतात, उकड नसते. तिने आईच्या उकडीत बोट खुपसून पाहिलं, मान हलवली आणि तीच घेतली. तीळ भाजून कुटले. तिच्याकडे मध होता. आईने पिशवीतून गूळ काढला आणि नुसती तिच्याकडे पाहत राहिली. शेवटी निम्म्यात मध आणि निम्म्यात गूळ गेला. मग ती बाई छोटी पारी करून, सारण भरून, दुमडून, कडा चिमटीने बंद करू लागली. अर्ध्या चंद्राचा आकार झाला.

"ही तर करंजी!" आई म्हणाली. "उकडलेली करंजी. यात काय आहे, आण इकडे."

तेवढ्यात फोरमनजींनी पाठवलेली एक भली मोठी पिशवी आली. साहेबांना पाइनची पानं लागतात असं त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांनी एका ओळखीच्या माळ्याकडून हिरवीगार पानं आणवली होती. बाईने पिशवी उघडली, वास घेतला आणि तोंडावर हात ठेवून हसली. आईने डोकावून पाहिलं. "अगं, ही तर मोरपंखी! शाळेच्या कुंपणाला असते ती." उज्जैनमध्ये पाइन कुठून येणार. आम्ही ती पानं फुलदाणीत लावली आणि चाळणीत केळीचं पान घातलं.

करंज्या चालू असताना सर आले, तेव्हा त्यांनी बायकोचं एक वाक्य मला सांगितलं. ज्या बाईचं सोंगप्यॉन देखणं होतं तिला मुलगी देखणी होते, अशी त्यांच्याकडे म्हण आहे. मी ते आईला सांगितलं. आईने आपली करंजी निरखली, मग मला निरखलं आणि म्हणाली, "म्हण खोटी आहे, तिला सांगू नकोस."

एक काम माझ्याकडे होतं, फोटोचं. सरांच्या मोबाईलमध्ये त्यांच्या आईचा एक चांगला फोटो होता. गावाबाहेर त्यांची तेंदूसारख्या नारिंगी फळांची बाग होती, तिथे शिडीवर चढून, खाली बघून हसताना. फ्रीगंजच्या स्टुडिओत मी तो मोठा करून फ्रेम करायला टाकला. तिथल्या मुलाने विचारलं होतं, "श्राद्ध के लिए चाहिए?" आणि मी सहज 'हो' म्हटलं. आणायला गेले तर शिडी गायब, बाग गायब, मागे निळं आकाश, भोवती चंदनाचा हार आणि खाली हिंदीत 'पूज्य माताजी'. वेळ नव्हता, तसाच घेऊन गेले आणि सरांना आधीच सॉरी म्हटलं. सरांनी फ्रेम बराच वेळ हातात धरली. खालची अक्षरं काय म्हणतात ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. राहू दे."

पौर्णिमेच्या सकाळी त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं होतं. हॉलमधलं सामान हलवून बुटकं टेबल मांडलं होतं. मागे भिंतीवर चादर टांगलेली, इथल्याच भैरवगढच्या ठशांच्या छापाची, पण उलटी. फिकी बाजू बाहेर. सरांनी सांगितलं, या दिवशी रंगीत काही मागे नको असतं. आई लगेच म्हणाली, "सही आहे."

टेबलावर भात, सूप, भाज्या, सफरचंदं, नासपती, आमच्या करंज्या. एका बशीत अख्खा तळलेला मासा. मी आईकडे चोरून पाहिलं; आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही. आईने विचारलं, "त्यांना आवडायचा का?" मी सरांना विचारलं. खूप आवडायचा, ते म्हणाले. "मग ठेवायलाच हवा," आई म्हणाली आणि पदर सावरून कडेला बसली. जेवणात लसूण नाही, मिरची नाही, हे ऐकल्यावर तर तिला सगळं घरचंच वाटायला लागलं. सरांनी छोट्या पेल्यात तांदळाची दारू ओतली, उदबत्तीच्या धुरावरून फिरवली आणि फोटोपुढे ठेवली, तेव्हा मी पुन्हा तिच्याकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? आपल्या काळभैरवाला चालते, तर यांच्या आईला का नाही?"

मग सर आणि त्यांची बायको शेजारी शेजारी उभे राहिले आणि दोघांनी गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला. सर पटकन उठले नाहीत. बायको उठून थांबली. त्यांची पाठ तेवढी हलताना दिसत होती. आवाज काहीच नव्हता. त्यांच्या बायकोने एकदा हात पुढे केला आणि मागे घेतला. थोड्या वेळाने ते स्वतःच उठले, चमचा भातात उभा रोवला आणि आम्हाला बाहेर चला अशी खूण केली. त्यांची आई जेवत असताना तिच्याकडे बघत बसायचं नसतं.

आम्ही चौघं गॅलरीत उभे राहिलो. खाली कंपाउंडच्या भिंतीवर शेजारच्या मुली शेणाची संजा, म्हणजे पितृपक्षात मुली भिंतीवर काढतात ते चित्र, लावत होत्या, फुलांच्या पाकळ्या चिकटवत होत्या. आईने हळूच विचारलं, "यांच्यात कावळ्याला घास ठेवत नाहीत का?" सर म्हणाले, कावळा नाही, पण एक दुसरा पक्षी आहे, काळा-पांढरा. बागेतली फळं उतरवताना त्यांची आई शेंड्यावरची काही फळं त्याच्यासाठी सोडून द्यायची. झाड कधी पूर्ण रिकामं करायचं नाही.

आई आत गेली, एक करंजी घेऊन आली आणि सरांच्या हातात दिली. सरांनी ती कठड्यावर ठेवली. आम्ही बघत होतो. कावळा आला नाही. दोन कबुतरं आली आणि भांडून खाऊन गेली.

"चालेल," आई म्हणाली. "आज कावळ्यांना गावभर आमंत्रणं आहेत."

मी ते सरांना इंग्रजीत सांगितलं. सकाळपासून ते पहिल्यांदा हसले.

दुपारी कॅन्टीनमध्ये खीर-पुरी होती आणि प्रत्येकाच्या पत्रावळीत एकेक सोंगप्यॉन. कोणी भाषण केलं नाही. सर सगळ्यांपुढे उभे राहून एकदा वाकले आणि जेवायला बसले. फोरमनजी उशिरा आले, थेट रामघाटावरून, कपाळाला गंध, केस अजून ओले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरांच्या शेजारी जागा करून बसले. म्हणाले, "साहब, आज अपने दोनों के घर मेहमान आए हैं." मी भाषांतर करायला पुढे झाले, पण सरांना तेवढं हिंदी एव्हाना कळत होतं. त्यांनी खिरीची वाटी फोरमनजींकडे सरकवली.

त्या दिवशी सकाळी माधवनगरहून घरी येताना आईने रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. मग म्हणाली, "ती सून शेजारी उभी राहून वाकली ना. मागे नाही उभी राहिली."

"हो."

"यंदा बाबांचं तू कर."

बाबांचं श्राद्ध दरवर्षी इंदूरचा चुलतभाऊ येऊन करत असे. मनापासून करायचा, कधी चुकला नाही. मी स्वयंपाक करायची आणि वाढायची. त्यात मला काही कमी वाटत होतं, असं मी कधी बोलले नव्हते, स्वतःशीसुद्धा नाही. रिक्षात मी एवढंच म्हटलं, "दादाला काय वाटेल?" आई म्हणाली, "मी बोलते त्याच्याशी." तिने फोन केला. दादा म्हणाला, "काकू, मी येतोच. ती बसेल, मी शेजारी बसेन."

तिथीच्या दिवशी आम्ही तिघं रामघाटावर गेलो. आमच्या गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दादाकडे. मग आईने सांगितलं, "मुलगी करणार." गुरुजी म्हणाले, "बसा बेटी, पूर्वेकडे आधी, मग दक्षिणेकडे फिरायचं." शिप्रेला पाणी चांगलं होतं. ओंजळीतून तीळ आणि पाणी अंगठ्याच्या बाजूने सोडायचं असतं. पहिल्यांदा माझं सगळं बोटांवरून सांडलं. दादाने आपला हात धरून दाखवला. दुसऱ्यांदा जमलं. गुरुजींनी बाबांचं नाव घ्यायला सांगितलं. इतक्या वर्षांत मी बाबांचं नाव फॉर्मवर लिहिलं होतं, मोठ्याने कधी घेतलं नव्हतं. पाण्याकडे बघून घेतलं, आणि मग पुढचं नीट दिसेना. गुरुजी थांबले. घाई केली नाही.

पुढच्या पौर्णिमेला कोजागिरी आली. मराठी समाजाची कोजागिरी हॉलच्या गच्चीवर असते. दूध, भेळ, गाण्यांच्या भेंड्या आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस म्हणून वेळेत घरी. आईने सरांना आणि त्यांच्या बायकोला बोलावलं होतं, मला न विचारता. बायकोने भैरवगढच्याच कापडाचा शिवलेला ड्रेस घातला होता. बायकांनी फेर धरून भोंडल्याची गाणी सुरू केली, तशी ती पुढे येऊन काहीतरी सांगायला लागली. सरांनी सांगितलं, "हे आमच्याकडेही आहे. बायका पौर्णिमेला हात धरून गोल फिरतात. आधी सावकाश, मग जोरात."

"शिकव म्हणावं!" आमच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापक बाई ओरडल्या.

तिने एका हातात माझा आणि दुसऱ्या हातात मुख्याध्यापक बाईंचा हात घेतला आणि गायला लागली. ती एक ओळ म्हणायची, तिच्या मागून आम्ही शेवटचा शब्द जमेल तसा ओढायचो. पाऊल डावं की उजवं यावर मागे दोघी वाद घालत होत्या. चाल वाढली, कोणाची चप्पल सुटली, कोणाचा पदर, आईने दुधाच्या पातेल्यापाशी बसून टाळ्यांचा ठेका धरला. पाण्याच्या टाकीमागून चंद्र पूर्ण वर आला तेव्हा सगळ्या एकदम वर बघायला थांबल्या आणि एकमेकींवर आदळल्या.